पावती कोणाच्या नावाने फाडणार? पिण्याच्या पाण्याच्या नियमांबद्दल खुले पत्र

प्रति,
भारतीय मानक ब्युरो, केंद्रीय जलशक्ती मंत्रालय आणि महाराष्ट्र शासनाचा पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग यांस,

स.न.वि.वि.

कोल्हापूर शहराच्या खालच्या अंगाला, पंचगंगेच्या काठावरच्या एका गावातून हे पत्र लिहितो आहे. नळाच्या पाण्याला मानक बंधनकारक करा अशी मागणी होते, तिच्या खर्चाबद्दल बोलायचं आहे. बँकेतल्या नोकरीतून निवृत्त झालो आणि वर्षभरात गावाने ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचं दप्तर माझ्या गळ्यात मारलं. "तुम्हाला आकड्यांची सवय हाय," एवढंच कारण. त्यामुळे पाण्यातलं मला जे कळतं ते हिशेबाच्या बाजूने कळतं. रसायनशास्त्र नंतर शिकलो, तेही आमच्या जलसुरक्षकाकडून.

हा जलसुरक्षक पहाटे सव्वापाचला टाकीचा व्हॉल्व्ह फिरवतो आणि सायकलवरून गावाच्या शेवटच्या गल्लीत जातो. तिथल्या नळाचं पाणी काचेच्या नळीत धरतो, ओटीच्या (क्लोरीन दाखवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीतले थेंब सोडतो, हलवतो आणि नळी उजेडाकडे धरून रंगपट्टीशी ताडून बघतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शेवटापर्यंत पोचलंय. पांढरंच राहिलं तर नाही. एका पावसाळ्यात तीन दिवस सलग पांढरंच. टीसीएल (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) रोजच्याएवढीच पडत होती, वजन तेच, वेळ तीच. चौथ्या दिवशी पोतं उलटं केलं तर आत ढेकळं. वासच नव्हता. नवीन टीसीएलमध्ये क्लोरीनचं प्रमाण 33 टक्क्यांच्या आसपास हवं. ओल आणि ऊन लागलं की ते उतरत जातं आणि 20 टक्क्यांच्या खाली गेलं की पावडर टाकून द्यायच्या लायकीची. आमच्या दप्तरात मात्र पोतं पोचल्याची पावती होती, बिल होतं, खर्ची टाकलेली रक्कम होती. कागदावर गावाने तीन दिवस शुद्ध पाणी प्यायलं.

हे आधीच सांगितलं, कारण तुमच्या मानकातला आकडा आणि आमच्या गावातलं पोतं यांच्यामध्ये किती पायऱ्या असतात ते तुमच्यासमोर राहावं.

आता मुद्द्यावर येतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, सध्याच्या रूपात 2012 चं आहे. गढूळपणा 1 एनटीयू (गढूळपणाचं माप), दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत. विद्राव्य क्षार लिटरला 500 मिलिग्रॅम, नाइलाजाने 2000. नायट्रेट 45, त्यात सवलत नाही. उरलेलं क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम. ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) 100 मिलिलिटरमध्ये सापडताच कामा नये. मानक उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नळाने पाणी पुरवणाऱ्या संस्थेवर ते कायद्याने बंधनकारक नाही. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये राजधान्यांमधल्या नळाच्या पाण्याचे नमुने तपासले गेले, मुंबईचे सगळे उतरले, दिल्लीचे सगळे नापास झाले. तेव्हाचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी हे मानक नळाच्या पाण्यालाही बंधनकारक करावं असा आग्रह धरला. तेव्हापासून हा विषय मधूनमधून डोकं वर काढतो. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (हातापायांतली ताकद जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढत गेले, संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, तेव्हा पुन्हा तीच मागणी: नियम कडक करा.

करा. मी नियमाच्या विरोधात नाही, उलट उशीर झाला असंच म्हणेन. माझं म्हणणं एवढंच की मसुद्यासोबत त्याच्या खर्चाचा ताळेबंद लावा, आणि तो ताळेबंद सरासरीचा नको. केंद्र सरकारचंच 2014 च्या फेब्रुवारीतलं धोरण आहे, कायदेपूर्व सल्लामसलतीचं. कायद्याचा किंवा नियमांचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा, त्यासोबत ढोबळ आर्थिक भार सांगावा, लोकांच्या जगण्यावर आणि रोजीरोटीवर काय परिणाम होईल त्याचा अंदाज द्यावा, असं त्यात लिहिलंय. मी नवीन काही मागत नाही. तुमचाच कागद तुमच्यासमोर ठेवतोय.

सरासरी का नको, यासाठी परदेशातलं एक उदाहरण देतो. आमच्यासारख्यांना ते जरा लांबचं वाटेल, पण त्यातले आकडे बोलके आहेत. अमेरिकेत सुरक्षित पेयजल कायदा 1974 चा. 1996 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि नवीन मर्यादा सुचवतानाच तिचा खर्च किती, तिच्याने आजार किती टळतील, हे सोबत प्रसिद्ध करणं तिथल्या पर्यावरण संस्थेवर बंधनकारक झालं. त्यानंतर आर्सेनिकची मर्यादा आली. लिटरला 50 मायक्रोग्रॅमवरून 10 वर आणायची होती. वर्षाचा खर्च साधारण 18 कोटी डॉलर निघाला. फायदा 14 ते 20 कोटी डॉलरच्या दरम्यान, आणि त्यात फक्त मूत्राशयाचा आणि फुफ्फुसाचा कर्करोग धरलेला. जे आजार पैशात मांडता आले नाहीत ते वेगळे नोंदवून ठेवले. म्हणजे जमा आणि खर्च जवळपास बरोबरीत. 2001 मध्ये सरकार बदललं, नियम थांबवला गेला, आकडे पुन्हा तपासले गेले आणि शेवटी 10 हीच मर्यादा कायम झाली. अंमल 2006 च्या जानेवारीपासून.

मला त्या सगळ्या कागदांत भावला तो एक छोटा तक्ता. योजनेच्या आकारानुसार घरटी वर्षाचा खर्च. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात एका घराला वर्षाला एक डॉलरसुद्धा नाही. 25 ते 100 माणसांच्या योजनेत तोच खर्च घराला सव्वातीनशे डॉलरच्या वर. पाणी तेच, नियम तोच, आर्सेनिक तेच. फरक फक्त किती घरांत वाटलं त्याचा.

आता हाच तक्ता आपल्या जिल्ह्यात लावून बघू. धरा की नियमाने प्रत्येक योजनेला एक पूर्णवेळ, शिकलेला माणूस ठेवायला सांगितला. पगार महिन्याला बारा हजार धरू, म्हणजे वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार. लाखभर नळजोड असलेल्या शहरात घरटी दीड रुपयासुद्धा पडत नाही. सहाशे जोडांच्या गावात दोनशे चाळीस रुपये. शाहूवाडी किंवा गगनबावड्यातल्या साठ घरांच्या धनगरवाड्यात दोन हजार चारशे. गंमत अशी की त्या धनगरवाड्याचं पाणी वरच्या झऱ्याचं, उताराने आपोआप येणारं, आणि शहराच्या नदीपेक्षा कितीतरी स्वच्छ. सगळ्यात चांगलं पाणी ज्याचं, त्यालाच नियम सगळ्यात महाग.

हा माणूस परवडतो की नाही ते पुढचं. मुळात तो तुमच्या ताळेबंदात असतो का? माझा अनुभव असा की खर्च म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते बांधकाम. टाकी, पाइप, फिल्टर. 15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशन जाहीर झालं, माणशी 55 लिटर ठरले, टाक्या बांधल्या, पाइप पुरले. त्याला केंद्र आणि राज्य यांचा पैसा आला, लोकवर्गणी आली. चालवायचं मात्र ग्रामपंचायतीने. 2021 ते 2026 साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचा), त्यातला निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. त्यात मोटार जळली तर रिवाइंडिंग, वीजबिल, व्हॉल्व्हचे वायसर, गळती, टीसीएल, जलसुरक्षकाचं मानधन. वीजबिलानेच पानाची अर्धी बाजू भरते. तीन हजार वस्तीच्या गावाला दिवसाला 1 लाख 65 हजार लिटर पाणी लागतं. हजार लिटरला 5 ग्रॅमप्रमाणे रोजचं सव्वाआठशे ग्रॅम टीसीएल. वर्षाची पंचवीस किलोची बारा पोती. बारा पोत्यांचा खर्च फार नाही. ती बाराही पोती ताजी असणं, ओल न लागता राहणं आणि रोज पहाटे कुणीतरी नळी उजेडाकडे धरणं, याचा खर्च आहे, आणि तो कुठल्याच मसुद्यात मी वाचलेला नाही.

दर वाढवा म्हणाल. वाढवून बघितला. पाणीपट्टी वाढली की वसुली घटते, हे माझ्या वहीत पानापानाला दिसतं. आमच्याकडे वर्षाला बाराशे रुपये. मार्च आला की आम्ही दारोदार. कुणाच्या घरी लग्न, कुणाचं उसाचं बिल अडकलंय, कुणी स्पष्टच सांगतो, "आधी पाणी दाबाने सोडा, मग बोला." आणि तोच माणूस दुपारी मोटारसायकलवर दोन कॅन अडकवून पाण्याच्या एटीएमवर रांगेत उभा. पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटर. रोज एक कॅन म्हणजे वर्षाला अठराशे पंचवीस. पाणीपट्टीच्या दीडपट. लोक पाण्यासाठी पैसे देत नाहीत ही समजूत मी त्या रांगेत सोडून दिली. लोक नळाला देत नाहीत, कारण नळावर भरवसा नाही. ताळेबंद मांडताना हे अठराशे पंचवीस जमेच्या बाजूला धरा. नियम पाळून नळाचं पाणी खरोखर सुधारलं तर घराघरातून हा खर्च वाचणार आहे. तोच नियमाचा पहिला फायदा, आणि तो मोजायला रोगाची साथ यावी लागत नाही.

घरातलं आरओचं यंत्र हाही त्यातलाच खर्च. इथे जरा विषयांतर करतो. विक्रेता येतो, पेनासारखं मीटर ग्लासात बुडवतो, दोनशे-अडीचशे आकडा दाखवतो आणि चेहरा असा करतो की विषच निघालंय. मानकात मर्यादा पाचशेची आहे हो! सह्याद्रीच्या पावसाचं पाणी, क्षार मुळातच कमी. त्या मीटरला जंतू दिसत नाहीत, आणि आमच्याकडे भीती जंतूंची. पण वहिनींना हे कोण सांगणार? आमच्या घरातही यंत्र आहे. मी समितीचा सचिव असताना आणलं गेलं. जास्त बोलत नाही.

शिवाय एक धोका लक्षात घ्या. बंधन फक्त नळावर आलं आणि सुट्या जारवर आलं नाही, तर नियमाचा खर्च नळावर आणि गिऱ्हाईक जारकडे, असं होईल. सीलबंद बाटलीला नियम आहेत. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने) बाटलीबंद पाणी अतिजोखमीच्या गटात टाकलं, वर्षाला बाहेरच्या संस्थेकडून तपासणी सांगितली. पण लग्नाच्या मांडवात, दुकानात, ऑफिसात येणारा थंड पाण्याचा जार सीलबंद नसतो, म्हणून त्या चौकटीतून निसटतो. पुण्यात जीबीएसनंतर महापालिकेने खासगी आरओ प्लांटना कुलपं लावली, म्हणजे साथ आल्यावर. जारवाला माझा वैरी नाही. गावातल्या दोन पोरांनी कर्ज काढून प्लांट टाकलेत, चार जणांना काम दिलंय. त्यांनाही नियम हवा, पण त्यांचाही खर्च मोजा. नाहीतर ते बंद पडतील आणि रात्री टाकी भरून विकणारा तेवढा टिकेल.

आता नळाच्या शेवटाकडे येतो, कारण खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा तिथे दडलाय. नमुना कुठे घ्यायचा हे नियमात एका ओळीत लिहिलेलं असतं, पण त्या एका ओळीवर कोटींचा फरक पडतो. टाकीखाली नमुना घेतला तर आमचं गाव बहुतेक दिवस पास. शेवटच्या गल्लीत घेतला तर सांगता येत नाही. कारण पाणी येतं दिवसातून पाऊण तास. उरलेला वेळ पाइप रिकामा. त्यात आमच्याकडे निम्म्या घरांनी नळालाच मोटार जोडलेली. मोटार ओढायला लागली की पाइपात हवेची पोकळी होते आणि जोडातून, गंजलेल्या जागेतून बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर काय, तर गटार. पाइप आणि गटार एकाच चरात शेजारी शेजारी घालणारे महाभाग आमच्या गावात होऊन गेले. मी त्यांच्यातल्या एकाचा चुलतभाऊ लागतो. म्हणजे शेवटच्या नळाला 0.2 क्लोरीन आणि शून्य ई. कोलाय हवं असेल तर टीसीएल वाढवून भागत नाही. पाइप बदलायला हवा, गटार हलवायला हवं, दाब टिकवायला हवा, मोटारी काढायला हव्यात. शेवटचं काम पैशाचं नाही, भांडणाचं आहे, पण त्याचाही खर्च असतो. नमुना शेवटच्या नळावरच घ्या, माणसं तिथलं पाणी पितात. फक्त तो घ्यायचा ठरवताना पाइप बदलायचा खर्च लपवू नका.

आणि वरच्या अंगाचं काय? हे मी रागाने लिहितोय, समजून घ्या.

चिखलीच्या प्रयाग संगमावर कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात, तिथून पंचगंगा. तिथून शहर, मग कसबा बावड्याचा राजाराम बंधारा, मग शिरोलीचा पूल, पुढे इचलकरंजी, मग शिरोळ, आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. फार लांबची नदी नाही, पण एवढ्या वाटेत तिला शहरांचं सांडपाणी मिळतं, साखर कारखान्यांचं मिळतं, कापडाच्या प्रोसेसिंगचं मिळतं. कसबा बावड्यात 76 एमएलडीचं (दिवसाला 76 दशलक्ष लिटरचं) आणि दुधाळीला 17 एमएलडीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तरी नाल्यांचं पाणी थेट नदीत गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. के.टी. वेअर (कोल्हापूर टाइप बंधारा) ही तर कोल्हापूरने देशाला दिलेली देणगी, नावातच कोल्हापूर. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं, शेतीला वापरायचं. पण पाणी अडतं तेव्हा घाणही अडते. उन्हाळ्यात वरून पाणी सोडलं की बंधाऱ्यामागचं काळं पाणी एकदम खाली सरकतं आणि तेरवाडच्या बंधाऱ्यावर मासे तरंगायला लागतात. पाण्यात अमोनिया आणि सेंद्रिय घाण वाढली की क्लोरीन आधी तिच्यावर खर्च होतं. ती खाऊन जे उरेल तेच जंतूंना. मग जलसुरक्षक हजार लिटरला पाच ग्रॅमऐवजी दहा टाकतो, तरी नळी पांढरी.

ही वाढीव पोती आमच्या खर्चात पडतात. वरच्या कुणीतरी प्रक्रिया करण्यावर जो खर्च वाचवला, तो आमच्या पाणीपट्टीत निघतो. शहराने यातून आपली सुटका करून घेतली, त्याबद्दल मला असूया नाही. पाचशे कोटींच्या आसपास खर्च करून काळम्मावाडी धरणापासून पन्नासावर किलोमीटरची थेट पाइपलाइन आणली, 2023 च्या दिवाळीत पाणी पोचलं. इचलकरंजीला 2012 मध्ये काविळीची साथ आली, माणसं दगावली, तेव्हापासून तेही शहर दुसऱ्या नदीचं पाणी मागतंय. कधी वारणा, कधी दूधगंगा, आणि दर वेळी काठावरच्या गावांशी तंटा. नदी घाण झाल्याची किंमत मोजायची असेल तर या पाइपांचे किलोमीटर मोजा. ज्यांना दुसरी नदी परवडत नाही ती आमच्यासारखी गावं त्याच पंचगंगेचं पाणी ओढतात. उद्या तुमचा नियम आला, नमुना नापास झाला, तर नोटीस ग्रामपंचायतीला. दंड कुणाला ते तुम्हीच सांगा. तुमच्या ताळेबंदात 'पुरवठा करणाऱ्या संस्थेवर भार' असा एक रकाना असेल. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: यातला किती भार नदी बिघडवणाऱ्याने उचलायला हवा होता.

उसाचं बोललो नाही तर माझेच शेजारी म्हणतील, कारखान्यावर बोलतो आणि स्वतःच्या रानावर गप्प बसतो. मानकात कीडनाशकं आणि तणनाशकांचीही यादी आहे. त्यात अॅट्राझिन आहे, मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम. 2,4-डी आहे, 30 मायक्रोग्रॅम. दोन्ही आमच्या उसात मारतात, मीही मारलंय. शिरोळच्या बाजूला क्षारपड जमिनी आहेत, युरिया ढिगाने पडतो, नायट्रेटची भीती खरी आहे. पण तणनाशकाची तपासणी ओटीच्या बाटलीने होत नाही. त्याला महागडी यंत्रं असलेली प्रयोगशाळा लागते, नमुना थंड ठेवून वेळेत पोचवावा लागतो. सध्या गावाकडे काय, तर फील्ड टेस्ट किट, गावातल्या पाच प्रशिक्षित बायका, वर्षातून दोनदा जैविक आणि एकदा रासायनिक तपासणी, आणि गावाच्या नावाने हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड. बंधनकारक म्हणजे सगळी यादी तपासायची का? किती वेळा? सगळीकडे सारखीच? फ्लोराइडचा त्रास नसलेल्या कोल्हापुरात फ्लोराइडवर पैसे घालवण्यापेक्षा त्याच पैशात उसाच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडाला तणनाशक तपासलं तर उपयोग. जिल्ह्यागणिक यादी ठरवली तर खर्च उतरतो आणि तपासणीला अर्थ येतो.

खर्चाच्या बाजूचं पुष्कळ लिहिलं. जमेच्या बाजूला दवाखाना लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. काविळीला औषध थोडं, विश्रांती फार. यंत्रमागावरचा कामगार कापडाच्या मीटरवर पैसे घेतो, महिनाभर पडून राहिला तर महिन्याचं उत्पन्न गेलं, भरपाई नाही. गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते. तिची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची मला कळत नाही, म्हणून अमेरिकेतल्यासारखं वेगळं का होईना, लिहून ठेवा. आणि जे लोक कुठल्याच यादीत नाहीत ते मोजा. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोड कामगार येतात, फडाच्या कडेला खोपी घालतात. त्यांच्या नावाने नळजोड नाही, 55 लिटर नाहीत, पाणीपट्टी नाही. ते पाणी पितात कॅनालचं नाहीतर कुणाच्या तरी विहिरीचं. त्यांच्यातल्या एका पोराला हगवण लागली की टोळीचा एक कोयता (तोडणीची एक जोडी) दोन दिवस बंद. 'प्रति नळजोड' असं मोजलं तर ही माणसं तुमच्या हिशेबातून गळतात.

पुराचं एका परिच्छेदात संपवतो, कारण त्यावर आम्ही सगळे बोलून दमलोय. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. 2019 ला आणि 2021 ला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. नदीकाठची जॅकवेलं (नदीचं पाणी उपसायच्या विहिरी) बुडाली, कोल्हापूर शहरासकट सगळे टँकरवर आले. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला नाही. नियमात पुराचे दिवस कसे धरणार, पंपघर वर उचलायचा खर्च कुणी करायचा, तेही मसुद्यात असू द्या. पूर ओसरल्यावर आमच्या टाकीत बोटभर गाळ होता आणि त्या आठवड्यात नमुना मागायला कुणी आलं असतं तर आम्ही त्याच्या हातात खराटा दिला असता.

अमेरिकेने लहान योजनांसाठी एक मोजपट्टी ठेवली होती: पाण्याचा खर्च मधल्या घराच्या (उत्पन्नाच्या क्रमात बरोबर मध्यावरच्या) उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर गेला तर तो परवडत नाही असं धरायचं. आपल्याला तीच पट्टी नको. उलट तिची एक खोट सांगतो. मधलं घर म्हणजे पगारदार घर. आमच्या गावात रोजंदारीवर जाणारी बाई महिन्यात कधी वीस दिवस कामाला, कधी आठ. तिला वर्षाचा हिशेब काय सांगणार? तिच्यासाठी पाणीपट्टी उसाच्या हंगामात भरायची सोय करा, टप्प्याने भरायची करा, नाहीतर थेट सवलत द्या आणि ती सवलत राज्याच्या तिजोरीतून द्या, शेजारणीच्या पट्टीतून नको. आणि लहान वस्त्यांना एकेकटं सोडू नका. दहा वाड्यांमागे एक शिकलेला माणूस, एक गाडी, एक पेटी, तालुक्याला टीसीएलचं एक कोरडं गोदाम आणि पोतं देताना टक्केवारी तपासून देणारा कुणीतरी. तो धनगरवाडा दोन हजार चारशेवरून कितीवर येतो बघा. हे गणित मी केलंय, पण तुमच्या माणसांनी केलं तर त्याला शिक्का बसेल.

मसुदा आलाच तर त्यावरची सुनावणी कोल्हापुरात घ्या, आणि ती सभागृहात ठेवू नका. ठेवायचीच असेल तर दुपारनंतर. सकाळी सव्वापाचला आमच्या टाकीवर या. व्हॉल्व्ह फिरवल्यावर शेवटच्या गल्लीत पाणी पोचायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात चहा होतो. येताना शक्य असेल तर ओटीची एक बाटली घेऊन या. आमची गेल्या महिन्यात संपली, मागणी दिलेली आहे.

आपला,
एका ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा सचिव,
जिल्हा कोल्हापूर